पॅरिसचं नोत्र दाम पाहायला तिकीट का लागत नाही? आणि आत गेल्यावर नेमकं काय बघायचं?

१५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी पॅरिसच्या मध्यभागातून उठणारे धुराचे लोट जगभरातल्या लोकांनी मोबाईलवर लाईव्ह पाहिले. साडेआठशे वर्षं जुन्या नोत्र दाम कॅथेड्रलचं छप्पर जळत होतं. काही वेळातच त्याचा निमुळता उंच कळसही कोसळला.

पाच वर्षांहून जास्त काळ चाललेल्या कामानंतर डिसेंबर २०२४ मध्ये नोत्र दाम पुन्हा उघडलं. आता पॅरिसला जाणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या यादीत ते असतं. पण तिथे पोहोचल्यावर अनेकांना पहिला प्रश्न पडतो: तिकीट खिडकी कुठे आहे?

उत्तर सोपं आहे. ती नाहीच. मुख्य वास्तूत प्रवेश मोफत आहे. यामागे एक कायदा आहे आणि अलीकडेच झालेला एक वादही.

कॅथेड्रल म्हणजे काय?

मोठं चर्च म्हणजे कॅथेड्रल, असा आपल्याकडे समज आहे. पण आकाराचा याच्याशी संबंध नाही. ज्या चर्चमध्ये बिशपचं अधिकृत आसन असतं, ते कॅथेड्रल. ग्रीक आणि लॅटिनमधल्या 'कॅथेड्रा' म्हणजे आसन या शब्दावरून हे नाव आलं. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल याच अर्थाने कॅथेड्रल आहे.

नोत्र दाम हे पॅरिसच्या आर्चबिशपचं चर्च. सीन नदीतल्या बेटावर ११६३ मध्ये बिशप मॉरिस द सुली यांच्या काळात बांधकाम सुरू झालं आणि १३४५ च्या सुमारास ते बहुतांशी पूर्ण झालं. म्हणजे ज्यांनी पाया घातला, त्यांच्यापैकी कुणीही पूर्ण झालेली इमारत पाहिली नाही.

मग तिकीट का नाही?

फ्रान्समध्ये १९०५ साली धर्म आणि शासन वेगळे करणारा कायदा झाला. त्यानुसार नोत्र दामची इमारत सरकारच्या मालकीची आहे, पण ती वापरण्याचा हक्क कॅथलिक चर्चकडे आहे. अशा वास्तू पाहायला येणाऱ्यांकडून शुल्क घेता येणार नाही, असंही हा कायदा सांगतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या तेव्हाच्या संस्कृतीमंत्री रशिदा दाती यांनी पर्यटकांकडून ५ युरो घेण्याचा प्रस्ताव मांडला. वर्षाला साधारण साडेसात कोटी युरो मिळतील आणि त्यातून देशभरातली मोडकळीला आलेली चर्च वाचवता येतील, असा त्यांचा हिशोब होता. ब्रिटनमधलं कँटरबरी किंवा इटलीतलं मिलानचं कॅथेड्रल पाहायला पैसे पडतातच, मग इथे का नकोत, असा प्रश्न होता.

पॅरिसच्या धर्मप्रांताने याला नकार दिला. येणाऱ्या प्रत्येकाचं विनाअट स्वागत करणं हे चर्चचं काम आहे, आणि भाविक कोण, पर्यटक कोण, हा भेद कधी केलेला नाही, अशी त्यांची भूमिका होती.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. जुन्या वास्तू सांभाळायला पैसा लागतो. पण दारावर 'तुम्ही प्रार्थनेला आलात की फिरायला?' असं विचारायचं कुणी आणि ओळखायचं कसं? सध्या तरी दार सगळ्यांसाठी मोफतच आहे.

जाण्याआधी काय लक्षात ठेवाल?

- अधिकृत वेबसाईटवर वेळ राखून ठेवता येते. त्याचे पैसे लागत नाहीत. बुकिंग नसेल तरी रांगेतून आत जाता येतं.
- मुख्य कॅथेड्रलचं 'तिकीट' कुणी विकत असेल तर घेऊ नका. गाईडचे पैसे वेगळे, प्रवेशाचे नाहीत.
- मनोऱ्यांवर जायला आणि मौल्यवान वस्तूंचा खजिना पाहायला मात्र वेगळं तिकीट आहे. मनोऱ्यांसाठी चारशेहून जास्त पायऱ्या चढाव्या लागतात.
- मोठ्या बॅगा नेऊ नका. आवाज हळू ठेवा, फ्लॅश बंद ठेवा. इथे रोज मिस्सा होते.

बाहेरून काय बघाल?

समोरच्या तीन दारांच्या वर राजांच्या २८ पुतळ्यांची रांग आहे. हे बायबलमधले ज्यूडाचे राजे. पण १७९३ मध्ये क्रांतिकारकांना ते फ्रान्सचे राजे वाटले आणि मूळ पुतळ्यांची मुंडकी उडवली गेली. त्यातली २१ मुंडकी १९७७ मध्ये पॅरिसमध्येच जमिनीखाली सापडली. ती आता चालत जाण्याइतक्या अंतरावरच्या क्लूनी संग्रहालयात आहेत. आज दिसणारे पुतळे १९व्या शतकातले.

वरून शहराकडे बघणारे ते प्रसिद्ध राक्षसही मध्ययुगातले नाहीत. वास्तुविशारद व्हिओले ल द्युक यांनी १९व्या शतकातल्या दुरुस्तीत ते बसवले.

मग बाजूला जा. भिंतींना बाहेरून टेकू देणाऱ्या दगडी कमानी दिसतील. आतल्या दगडी छताचा भार भिंतींना बाहेर ढकलतो आणि या कमानी तो पेलून जमिनीत उतरवतात. म्हणूनच भिंतींमध्ये एवढ्या मोठ्या रंगीत काचांच्या खिडक्या ठेवता आल्या.

आत काय बघाल?

आधी वर बघा. छत सुमारे ३३ मीटर उंच आहे, म्हणजे साधारण दहा मजली इमारतीएवढं. आगीनंतर दगड साफ केल्यामुळे आतला भाग आता फिकट आणि उजळ दिसतो. जुने फोटो पाहून गेलेल्यांना हा बदल लगेच जाणवतो.

फिरण्याचा मार्ग डावीकडून सुरू होतो, वेदीच्या मागून वळसा घेतो आणि उजव्या बाजूने परत येतो. आपल्याला तो ओळखीचा वाटेल, कारण प्रदक्षिणा याच दिशेने घालतात.

मध्यावर दोन्ही बाजूंना सुमारे १३ मीटर व्यासाच्या गोल खिडक्या आहेत. त्यातल्या उत्तरेकडच्या खिडकीत १३व्या शतकातल्या मूळ काचा मोठ्या प्रमाणात टिकून आहेत.

आगीत हे सगळं वाचलं कसं?

छप्पर दुहेरी होतं. वर ओक लाकडाचा सांगाडा आणि त्यावर शिशाचे पत्रे, तर खाली दगडी छत. लाकूड जळून गेलं, पण दगडी छत काही ठिकाणी कोसळूनही बहुतेक टिकलं. त्याने आग खाली पसरू दिली नाही. गोल खिडक्या वाचल्या आणि सुमारे ८,००० नळ्यांचा ऑर्गनही वाचला.

सुमारे १५० देशांतून ८४ कोटी युरोंच्या आसपास देणग्या आल्या. नवा सांगाडा पुन्हा ओकचाच बनवला. कळसाच्या टोकावर सोनेरी कोंबडा आहे. त्याच्या आत एक यादी ठेवली आहे, दुरुस्तीच्या कामात असलेल्या सुमारे २,००० लोकांच्या नावांची.

मध्ययुगात हे कॅथेड्रल उभारणाऱ्या बहुतेक गवंड्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. आत गेलात की फोटो काढून झाल्यावर दहा मिनिटं एखाद्या खुर्चीवर बसा आणि त्यांचं काम बघा. त्यालाही पैसे लागत नाहीत.