स्केलिंग व रूट प्लेनिंग
स्केलिंग व रूट प्लेनिंग ही हिरड्यांच्या विकारावरील, हिरडी न कापता केली जाणारी उपचारपद्धती आहे. निरोगी हिरडी व दात यांमधील खाच साधारणतः १ ते ३ मिलिमीटर खोल असते. विकार बळावल्यास ती अधिक खोल होते व तिच्यात जिवाणूंचा थर आणि कीटण साचते. स्थानिक भूल देऊन हातातील किंवा अल्ट्रासॉनिक उपकरणांनी ते दातांच्या मुळांवरून काढले जाते. काही आठवड्यांनी खोली पुन्हा मोजतात. ६ मिलिमीटर किंवा त्याहून खोल खाचा उरल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. जोडीला लेसर वापरल्याने अधिक लाभ होतो, हे निश्चितपणे सिद्ध झालेले नाही. या उपचाराने विकार आटोक्यात येतो. मात्र झिजलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही. धूम्रपान व अनियंत्रित मधुमेह यांमुळे उपचाराचा गुण कमी येतो.