शहापूर-मुरबाडमधला विजेचा शेक

विजेचा सौम्य प्रवाह कातडीवरून शरीरात सोडून दुखणे कमी करणे किंवा लुळ्या पडलेल्या स्नायूला हलते करणे, या उपचाराला वैद्यकाच्या पुस्तकांत विद्युत-उत्तेजन म्हणतात. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत त्याची नावे साधी आहेत: ‘करंट लावणे’, ‘मशीन लावणे’ किंवा ‘शेक घेणे’. यांतला शेवटचा शब्द शास्त्राला धरून नाही. शेकात ऊब लागते. या यंत्रातून ऊब येत नाही, झिणझिण्या येतात. तरी तो शब्द टिकला, कारण दुखऱ्या जागेवर बाहेरून काहीतरी लावायचे ही रीत इथे यंत्राच्या फार आधीची आहे.

दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याचे आणि भाताचे. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत चिखलात वाकून राहायचे, पुढे कापणी आणि झोडणी, आणि उन्हाळ्यात राब, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजायला पाल्याचे भारे डोक्यावरून आणायचे. कातकरी कुटुंबे पाऊस सरला की वीटभट्ट्यांवर जातात. तिथले कामही वाकण्याचे आणि वाहण्याचेच. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात आणि बायकांच्या डोक्यावर हंडे-कळशा चढतात. मुंबईला पाणी पुरवणारा 1892 चा तानसा तलाव, 1957 चा मोडकसागर आणि भातसा धरण शहापूर तालुक्यातच आहेत, ही गोष्ट टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला वेगळी सांगावी लागत नाही. कंबर, मान, खांदे, गुडघे ही इथल्या दुखण्यांची यादी या कामांनीच लिहिलेली आहे.

त्यावरचे घरगुती उपाय महाराष्ट्रातल्या इतर खेड्यांसारखेच होते. निरगुडीचा किंवा एरंडाचा पाला गरम करून बांधायचा, तव्यावर तापवलेल्या मिठाच्या पुरचुंडीने शेकायचे, तेल चोळायचे. याने भागले नाही तर बिब्ब्याचा चटका किंवा तापलेल्या लोखंडाचा डाग. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, आणि या नव्या आगीपुढे जुने दुखणे मागे पडल्यासारखे वाटते. जखम चिघळली तर मात्र मूळ दुखणे परवडले म्हणायची पाळी येई. कंबरेत उसण भरली तर पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसाकडून पाठीला पाय लावून घेत. याच पायाळू माणसाला जमिनीखालचे पाणी कळते आणि त्याच्यावर वीज लवकर पडते, असाही समज आहे. पाणी, वीज आणि कंबरदुखी एकाच माणसाच्या ठायी आणणाऱ्या या समजाला आधार काही नाही, पण या दोन तालुक्यांच्या इतिहासात ही तिन्ही खरोखरच एकमेकांत गुंतलेली आहेत.

विजेने दुखणे काढण्याची पहिली लेखी नोंद रोमन काळातली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गुस या वैद्याने संधिवाताच्या रुग्णाला समुद्रातल्या विजेच्या माशावर पाय ठेवायला सांगितले होते. अठराव्या शतकाच्या मध्यावर वीज साठवणारी लायडन बरणी आली आणि युरोपातल्या वैद्यांनी लकवा झालेल्या अंगांवर ठिणग्यांचे प्रयोग सुरू केले. बेडकाच्या पायावरचे लुइजी गॅल्व्हानी यांचे निरीक्षण 1791 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मायकल फॅरेडे यांनी 1831 मध्ये विद्युत-चुंबकीय प्रवर्तन दाखवले. प्रवाहाचे दोन प्रकार या दोघांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. भौतिकोपचाराचा विद्यार्थी आजही ‘गॅल्व्हॅनिक’ आणि ‘फॅराडिक’ हेच शब्द पाठ करतो. पॅरिसच्या दुशेन यांनी ओल्या पॅडमधून एकेका स्नायूला वेगळे उत्तेजन देण्याची पद्धत बसवली आणि 1855 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्यानंतर विजेचे पट्टे विकणाऱ्या भोंदूंचा बाजार इतका माजला की जाणत्या डॉक्टरांनाही या उपचारापासून चार हात लांब राहणे बरे वाटू लागले.

शहापूर-मुरबाडकडे वीज आली ती आधी डोक्यावरून गेली. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे 1922 मध्ये. दोन्हींची वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी. कल्याण ते इगतपुरी हा लोहमार्ग 1930 मध्ये विजेवर आला आणि वासिंद, आसनगाव, खर्डी, कसारा या स्थानकांतून 1500 व्होल्टची तार गेली. रुळालगतच्या पाड्यांत मात्र रॉकेलची चिमणीच राहिली. बेचाळीसच्या आंदोलनात क्रांतिकारक भाई कोतवाल यांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत गटाने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्या काळी या भागातल्या माणसाचा विजेशी जवळून संबंध आला तो मनोरा पाडताना, असे म्हटले तर अतिशयोक्ती थोडीच होईल. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 1960 मध्ये स्थापन झाले आणि त्यानंतरच्या दशकांत गावोगाव खांब पोचले. डोंगरातल्या पाड्यांवर सर्वांत शेवटी.

उपचारासाठी विजेचा संघटित वापर मुंबईत सुरू झाला तो पोलिओमुळे. फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला होता. तिच्यासाठी केलेल्या धावपळीतून त्यांनी 1947 मध्ये मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना उघडला. शहराने 1949 मध्ये पोलिओची साथ पाहिली. परळच्या केईएम रुग्णालयात 1953 मध्ये भौतिकोपचाराचे विद्यालय निघाले, ते भारतातले पहिले. त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था 1955 पासूनची. मालीश, व्यायाम, कॅलिपर यांच्या जोडीला स्नायूंना करंट देणारी यंत्रे या पिढीतल्या संस्थांनी रुळवली.

पोलिओत त्या करंटचा उपयोग किती, हा प्रश्न तेव्हाही वादाचा होता. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या हालचाल करवणाऱ्या पेशी मारतो. चेतातंतू तुटलेला स्नायू फॅराडिक प्रवाहाच्या एक सहस्रांश सेकंदाच्या ठोक्याला दाद देत नाही. त्याला सुमारे शंभर पट लांब, म्हणजे गॅल्व्हॅनिक ठोका लागतो. त्याने स्नायू आकसतो, पोटरीवरचे मांस थरथरताना डोळ्यांना दिसते, आणि आई-बापांना वाटते की पाय परत येतो आहे. पण मेलेली पेशी विजेने जिवंत होत नाही. जे तंतू वाचले आहेत त्यांना कामाला लावणे एवढेच व्यायामाच्या हातात असते, आणि करंट त्याला फार तर साथ देतो.

शिवाय हा उपचार एका खेपेत होत नाही. दहा, पंधरा, कधी वीस बैठका. त्याही रोज किंवा दिवसाआड. शहापूरच्या माणसाला आसनगावला येऊन कसारा लोकल धरावी लागे. मुरबाडला रेल्वे नाही, म्हणून एसटीने कल्याण आणि तिथून पुढे गाडी. लुळ्या पायाचे मूल कडेवर आणि त्या दिवसाची मजुरी बुडालेली, अशी ही खेप. पंधरा मिनिटांच्या करंटसाठी अख्खा दिवस जात असेल तर चौथ्या-पाचव्या बैठकीनंतर रुग्ण का येत नाही, हे विचारण्यात अर्थ नसतो. भारतात वन्य विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमध्ये नोंदला गेला आणि 27 मार्च 2014 रोजी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. भौतिकोपचाराच्या खोलीत मग लकवा, मणक्याचे विकार, गुडघ्यांची झीज आणि अपघात यांचे रुग्ण उरले.

दुखण्यावर विजेचा विचार दरम्यान नव्याने सुरू झाला होता. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये ‘दारा’चा सिद्धान्त मांडला. वेदना नेणारे बारीक तंतू आणि स्पर्श नेणारे जाड तंतू मज्जारज्जूत एकाच उंबरठ्याशी येतात. जाड तंतूंची गर्दी झाली की बारीक तंतूंच्या निरोपाला दार अर्धे बंद होते. ठेच लागल्यावर अंगठा चोळावासा का वाटतो, याचे हे एक उत्तर. वॉल आणि विल्यम स्वीट यांनी 1967 मध्ये विजेने हे पडताळले, आणि त्यासाठी पहिली सुई स्वतःच्याच चेहऱ्यातल्या चेतातंतूला लावून पाहिली. सुईऐवजी कातडीवर पॅड चिकटवणारे, खिशात मावणारे ‘टेन्स’ यंत्र सत्तरच्या दशकात बाजारात आले. सेकंदाला साधारण 80 ते 120 ठोके दिले तर मुंग्या आल्यासारखे वाटून दुखणे दबते. दोन ते चार जोरकस ठोके दिले तर शरीरातली अफूसदृश द्रव्ये स्रवतात आणि परिणाम सावकाश येऊन थोडा जास्त टिकतो. मेलझॅक यांनी पुढे डाग, चटके, तुंबड्या अशा जगभरच्या जुन्या उपायांचाही विचार केला: तीव्र संवेदनेने वेदना दबू शकते, हे सूत्र त्यांत समान होते. म्हणजे बिब्बा घालणाऱ्या आजीचा अनुभव सगळाच खोटा नव्हता. तिने मोजलेली किंमत मात्र फार होती.

व्हिएन्नाचे हान्स नेमेक यांनी त्याआधीच, पन्नासच्या दशकात, दुसरी वाट काढली होती. सेकंदाला सुमारे 4000 आवर्तनांचे, एकमेकांपासून किंचित वेगळे असे दोन प्रवाह आडवे-उभे सोडले की जिथे ते छेदतात तिथे त्यांच्या फरकाएवढी लय उठते. कातडी अशा जलद प्रवाहाला कमी अडवते, त्यामुळे बोचत नाही. हेच ‘आयएफटी’, आणि तालुक्याच्या गावातल्या खासगी फिजिओथेरपी दवाखान्यात चार पॅड लावून चालू असलेले यंत्र बहुधा हेच असते. शेजारी स्नायू आकसवणारा ‘मसल स्टिम्युलेटर’ असतो, आणि बऱ्याच ठिकाणी डायथर्मी. ही डायथर्मी उच्च कंपनाच्या लहरींनी खरोखर ऊब देते. ‘शेक’ हा शब्द तिला तरी न्याय देतो. ग्रामीण महाराष्ट्राने 2005 नंतरची काही वर्षे तासन् तास भारनियमन सोसले. त्या काळात भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या यंत्रापेक्षा बॅटरीवरचे टेन्स भरवशाचे ठरणार, हे उघड होते.

सरकारी व्यवस्थेत या उपचाराला वाट मिळाली ती उशिरा. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 मध्ये सुरू झाला आणि जिल्ह्याखालच्या रुग्णालयांत भौतिकोपचार असावा, हे त्याने धोरणात आणले. व्यवसायाच्या नियमनासाठी राज्यात 2002 चा व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा कायदा आहे, तर केंद्राचा संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा 2021 चा. नोंदणी झालेला भौतिकोपचारतज्ज्ञ आणि मशीन विकत घेऊन बसलेला माणूस यांतला फरक कागदावर तरी या कायद्यांनी स्पष्ट केला.

उपचाराच्या परिणामाबद्दलचे पुरावे मात्र यंत्रांच्या खपाएवढे जोरदार नाहीत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2016 मध्ये साध्या कंबरदुखीसाठी टेन्स आणि आयएफटी देऊ नये असे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शिकेतही जुनाट कंबरदुखीला टेन्सची शिफारस नाही. व्यायाम आणि समजावून सांगणे यांना आहे. उलट लकव्यानंतर पाऊल लोंबत असेल, तर चालताना नेमक्या क्षणी गुडघ्याखालच्या चेतातंतूला ठोका देऊन पाऊल उचलवण्याची पद्धत उपयोगी पडते. ती व्लादिमीर लिबरसन यांनी 1961 मध्ये मांडली. शस्त्रक्रियेनंतर गुडघ्यावरचा स्नायू रुग्णाला स्वतः आवळता येत नसेल, तेव्हाही करंट कामाला येतो. थोडक्यात, ज्या कंबरदुखीसाठी लोक सर्वांत जास्त ‘शेक’ घेतात तिथे त्याचा आधार सर्वांत कच्चा आहे. आवणीच्या ऐन दिवसांत विश्रांती किंवा व्यायाम सांगणे सोपे, पाळणे अवघड. झोपून घेण्याचा करंट म्हणूनच गोड वाटतो.

काही ठिकाणी तो लावूच नये. हृदयात पेसमेकर असलेल्यांना, गरोदर बाईच्या पोटावर किंवा कंबरेवर, गळ्याच्या पुढच्या भागावर, कर्करोगाच्या गाठीवर, आणि जिथे कातडीला संवेदनाच नाही तिथे. कुष्ठरोग किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या पायावर पॅड कोरडे राहिले किंवा प्रवाह वाढला तर कातडी भाजते आणि रुग्णाला कळतही नाही. म्हणून जाणकार उपचारक आधी टोचणी आणि कापूस फिरवून संवेदना तपासतो, पॅडला पुरेसे जेल लावतो, आणि बटण शून्यावरून हळूहळू वर नेताना रुग्णाला विचारत राहतो: मुंग्या आल्या का, टोचते का.