शिंदे–भोसले युती (१८०३)

शिंदे–भोसले युती ही दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांनी दुसऱ्या इंग्रज–मराठा युद्धात ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध केलेली लष्करी युती होय. युद्धपद्धतीविषयीचे मतभेद आणि परस्पर अविश्वास यांमुळे ती काही महिन्यांतच मोडली. या युद्धाच्या निकालाने आजच्या वाशिम जिल्ह्याचा समावेश असलेल्या वऱ्हाडाचे राजकीय स्थान बदलले.

पार्श्वभूमी

ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी शिंदे व पेशवे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह करून इंग्रजांचे संरक्षण स्वीकारले. हा तह शिंदे व भोसले यांना मान्य नव्हता. त्यांनी होळकरांनाही युतीत ओढण्याचा प्रयत्न केला. परंतु शिंद्यांशी असलेल्या जुन्या वैरामुळे होळकर अलिप्त राहिले. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्धाला तोंड फुटले.

युद्धनीतीतील मतभेद

शिंद्यांची मदार युरोपीय अधिकाऱ्यांनी शिकवलेल्या कवायती पलटणींवर व तोफखान्यावर होती, तर भोसल्यांचे बळ मुख्यतः घोडदळात होते. सुरुवातीला दोघांच्या घोडदळांनी अजिंठ्याच्या घाटातून निजामाच्या मुलखात शिरून वेगवान हालचाली केल्या. पुढे कवायती पलटणी येऊन मिळाल्यावर २३ सप्टेंबर रोजी असईची समोरासमोरची लढाई झाली. तीत पायदळ व तोफखान्याने कडवी झुंज दिली. मात्र भोसल्यांच्या घोडदळाने फारसा भाग घेतला नाही. या पराभवानंतर दोन्ही फौजा वेगळ्या झाल्या.

स्वतंत्र वाटाघाटी

२३ नोव्हेंबर रोजी शिंद्यांच्या वकिलांनी आर्थर वेलस्लीशी तहकुबीचा करार केला. त्यात भोसल्यांचा समावेश नव्हता. तरीही २९ नोव्हेंबरच्या अडगावच्या (आजचा अकोला जिल्हा) लढाईत शिंद्यांचे घोडदळ भोसल्यांच्या बाजूने उभे होते. अशा रीतीने तहकुबीने शिंद्यांना सुरक्षितता लाभली नाही आणि युतीही टिकली नाही. १५ डिसेंबर रोजी गाविलगड पडला. त्यानंतर भोसल्यांनी १७ डिसेंबर रोजी देवगावचा, तर शिंद्यांनी ३० डिसेंबर रोजी सुर्जी-अंजनगावचा तह स्वतंत्रपणे केला. १८०४ मध्ये होळकर व इंग्रज यांच्यात युद्ध सुरू झाले, तेव्हा या दोन्ही सत्तांचे बळ आधीच खचले होते.

वऱ्हाडावरील परिणाम

युद्धापूर्वी वऱ्हाडचा महसूल निजाम व भोसले यांच्यात वाटला जात असे. देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलखावरील हक्क सोडला. गाविलगड व नरनाळा हे किल्ले मात्र त्यांच्याकडे राहिले. १८०४ च्या वाटणीत हा मुलूख इंग्रजांचा मित्र असलेल्या निजामाला मिळाला. त्यामुळे वाशिम परिसरातील दुहेरी अंमल संपला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे सोपवला.