फक्त लावणी, की अख्खा फड?

लोककला महोत्सव भरवताना एक वाद हमखास होतो: फक्त लावणीच ठेवायची, की सगळंच? इतिहास बघितला तर आपल्याकडे दोन्ही वाटा जुन्याच आहेत.

संगीत बारी म्हणजे मुख्यतः लावणीच. अकलूजची लावणी स्पर्धाही त्याच वाटेची. एकाच प्रकारामुळे एकीची अदा दुसरीच्या अदेशेजारी ठेवून पाहता येते. ढोलकी फडाचं तसं नाही. तिथे गण, गवळण, बतावणी, लावणी आणि शेवटी वग. गवळणीतली मावशी काढली तर अर्धी गंमत गेलीच.

पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) रेठरे हरणाक्षचे. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. त्यांनी लावण्या रचल्या, तसेच ‘मिठाराणी’सारखे वगही. फक्त लावणी ठेवली तर निम्मे बापूराव बाहेर राहतात, आणि सोंगाड्या तर पूर्णच.

म्हणून माझं मत असं: तुलना करायची तर एकच प्रकार ठेवा, परंपरा दाखवायची तर अख्खा फड उभा करा. संशोधनातही हेच होतं. नमुना निवडतानाच आपल्याला काय दिसणार नाही, ते ठरून जातं. तेव्हा आधी प्रश्न पक्का करा, मग नमुना.