कोंबडीची साक्ष : प्राणिवर्तनशास्त्र आणि पशुवैद्यकीय शिक्षण (१९६४ ते १९८६)

प्रास्ताविक

पशुवैद्यकासमोर येणारा रुग्ण बोलत नाही. आपले दुखणे कोठे आहे व कधीपासून आहे, हे तो सांगू शकत नाही. त्याच्या उभे राहण्यावरून, चारा टाकण्यावरून, कळपापासून दूर राहण्यावरून ते ताडावे लागते. १७६२ मध्ये फ्रान्समधील लिऑन येथे क्लॉद बुर्जला यांनी पशुवैद्यकाचे विद्यालय सुरू केले, तेव्हापासून शरीररचना व रोगोपचार यांना या शिक्षणात मानाचे स्थान मिळाले. वर्तन हा मात्र दीर्घकाळ स्वतंत्र अभ्यासविषय नव्हता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही स्थिती कशी पालटली, याचा ब्रिटनमधील एका उदाहरणाच्या आधारे आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ब्रॅम्बेल समिती

१९६४ मध्ये रूथ हॅरिसन यांचे ‘अ‍ॅनिमल मशीन्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. बंदिस्त पशुपालनातील जनावरांच्या हालअपेष्टांकडे त्याने लोकांचे लक्ष वेधले. लोकक्षोभाची दखल घेऊन ब्रिटिश सरकारने प्राणिशास्त्रज्ञ प्रा. ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. केंब्रिजचे वर्तनशास्त्रज्ञ थॉर्प हे तिचे सदस्य होते. जनावराला उठता, बसता, वळता, अंग स्वच्छ करता व अवयव ताणता आले पाहिजेत, असे समितीने १९६५ च्या अहवालात नमूद केले.

याच अहवालात पिंजऱ्याच्या तळाविषयीही एक शिफारस होती. बारीक तारेची षट्कोनी जाळी कोंबडीच्या पायांना त्रासदायक ठरत असावी, म्हणून ती वापरू नये व जाड तारेची जाळी वापरावी, असे समितीचे मत पडले. हेतू दयाबुद्धीचा होता आणि तर्कही सयुक्तिक दिसत होता. परंतु तो मनुष्याचा तर्क होता.

निवडचाचणी

१९७३ मध्ये ह्यूज व ब्लॅक या संशोधकांनी हा प्रश्न कोंबड्यांसमोरच मांडला. निरनिराळ्या जाळ्यांचे तळ उपलब्ध करून देऊन कोंबड्या कोठे अधिक वेळ उभ्या राहतात, याची त्यांनी नोंद घेतली. समितीने त्याज्य ठरवलेली बारीक जाळीच कोंबड्यांनी अधिक पसंत केली. ती पायाला अधिक ठिकाणी आधार देत होती. योगायोग असा की, त्याच वर्षी फ्रिश, लोरेन्झ व टिनबर्गेन या वर्तनशास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि निवडचाचणीलाही मर्यादा आहेत. टिनबर्गेन यांच्या शिष्या मेरियन डॉकिन्स यांनी ऑक्सफर्ड येथे केलेल्या प्रयोगांत पिंजऱ्यात वाढलेल्या कोंबड्यांनी प्रारंभी मोकळ्या जागेऐवजी पिंजराच निवडला. मोकळ्या जागेचा परिचय झाल्यावर त्यांची निवड बदलली. म्हणजे सवयीचे व हिताचे एकच असेल असे नाही. शिवाय प्राणी समोर असलेल्या पर्यायांतूनच निवड करतो. दोन्ही पर्याय वाईट असतील तर तो त्यांतल्या त्यात बरा पर्याय घेतो. म्हणून वर्तनाची साक्ष आरोग्य, इजा व शरीरक्रिया यांच्या नोंदींशी ताडून पाहणे अगत्याचे ठरते.

विद्यापीठीय मान्यता

ही ताडून पाहण्याची शिस्त पशुवैद्यकीय शिक्षणाच्या चौकटीत येणे क्रमप्राप्त होते. १९८६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या पशुवैद्यक विभागात पशुकल्याणाचे प्राध्यापकपद निर्माण झाले व डोनाल्ड ब्रूम यांची त्यावर नियुक्ती झाली. जगातील हे अशा प्रकारचे पहिले अध्यासन मानले जाते. पुढे युरोपीय संघाने १९९९ मध्ये निर्देश काढला आणि त्यानुसार २०१२ पासून अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी जुन्या पद्धतीच्या पिंजऱ्यांवर बंदी आली.

समारोप

एका जाळीची चूक म्हणून हा प्रसंग किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु जनावराचे हित केवळ सद्हेतूने कळत नाही, हे त्याने दाखवून दिले. ब्रॅम्बेल समितीचे मोठेपण त्यामुळे उणावत नाही. वर्तनाला पुराव्याचा दर्जा देण्याची वाट तिच्याच अहवालाने रुंद केली होती. मुक्या रुग्णाविषयी निर्णय घेणाऱ्या विद्यार्थ्याला औषधांच्या मात्रेइतकेच स्वतःच्या गृहीतकांवर शंका घेण्याचे शिक्षण मिळणे आवश्यक आहे, हाच या इतिहासाचा बोध होय.