आधी दाह, मग संप्रेरक

सांध्यांच्या आजाराने ग्रासलेल्या मुलांची शारीरिक वाढच अडते, हे लंडनचे डॉक्टर जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी 1897 मध्ये लिहून ठेवले. दाह शमवणारी स्टेरॉइडे वैद्यकात यायला तेव्हा अर्धशतक बाकी होते. त्यामुळे ‘स्टेरॉइडनेच मुलाची उंची मारली’ हे बडोद्यातल्या मराठी घरांतही ऐकू येणारे गाऱ्हाणे अर्धेच खरे आहे. स्टेरॉइड वाढीला मारक आहेच, पण आजारही स्वतंत्रपणे वाढ रोखतो. हा भेद ध्यानात न आल्याने घाबरून कुणी औषध बंद केले, तर दाह भडकतो. शिवाय दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबवणे जिवावरही बेतू शकते.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक स्रवते. ते यकृताला आयजीएफ-1 हे द्रव्य तयार करायला लावते आणि दोन्ही मिळून लांब हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेला, म्हणजे वाढपट्टीला, वाढवतात. दाहात इंटरल्यूकिन-6 आणि टीएनएफ यांसारखी द्रव्ये या साखळीवर मधेच घाव घालतात. संशोधक दे बेनेदेत्ती आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये इंटरल्यूकिन-6 जास्त बनवणारे उंदीर अभ्यासले. ते आपल्या निरोगी भावंडांच्या 50 ते 70 टक्केच वाढले. त्यांच्या रक्तात वाढीचे संप्रेरक पुरेसे होते. कमी होते ते आयजीएफ-1.

माझ्या मते सगळ्या विवेचनाचा कणा इथे आहे. अशा मुलांत बहुधा संप्रेरकाची उणीव नसते, शरीर त्याला दाद देत नसते. म्हणूनच संप्रेरकाची चाचणी ‘नॉर्मल’ आली म्हणून निर्धास्त होता येत नाही, आणि दाह धुमसत असताना बाहेरून टोचलेले संप्रेरकही तोकडे पडते.

तरीही उपचार निरुपयोगी नाही. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत संधिवाताच्या काही मुलांना वर्षानुवर्षे संप्रेरक दिले गेले. त्यांची अंतिम उंची, संप्रेरक न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, सरासरीच्या बरीच जवळ गेली. मात्र मुले मोजकीच होती. रोजची सुई, 2 ते 8 अंश तापमानात साठवण आणि मोठा खर्च कुटुंबाला पेलावा लागतो. स्टेरॉइडसोबत संप्रेरक दिल्यास रक्तशर्करा चढण्याचा धोकाही असतो, म्हणून ती तपासत राहावी लागते. वाढपट्टी एकदा बंद झाली की कितीही मात्रा दिली तरी उंची वाढत नाही. म्हणून डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय आधी पाहावे लागते.

म्हणून क्रम ठरलेला असावा. पहिला मान दाह आटोक्यात आणण्याला. मेथोट्रेक्सेट किंवा टीएनएफविरोधी औषधांनी स्टेरॉइडची मात्रा उतरली, की अनेक मुलांची वाढ आपोआप सुरू होते. आपल्याकडे ही टीएनएफविरोधी औषधे देण्यापूर्वी मुलाला टीबी आहे का हे पाहणे अनिवार्य. आतड्याच्या क्रोन्स या दाहाच्या आजारात तर उंची पोटाच्या तक्रारींच्याही आधी मंदावू शकते. तिथे काही आठवडे केवळ पोषक द्रवाहारावर ठेवल्यानेही दाह शमतो आणि स्टेरॉइड टळते. दाह दबूनही वाढ सुरू झाली नाही आणि वाढपट्टी खुली असेल, तरच संप्रेरकाचा विचार बालसंप्रेरकतज्ज्ञाने करावा.

पण हे सारे वेळेवर घडायचे तर वाढ मंदावल्याचे कळायला हवे. महाराजा सयाजीरावांनी 1906 मध्ये बडोदा संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुले शाळेत येतातच, तेव्हा उंची मोजायला शाळेहून सोयीची जागा नाही. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा-अंगणवाड्यांतून तपासणीही करतात. भारतीय मुलांसाठी 2015 चे वाढतक्ते उपलब्ध आहेत. ते तयार करण्यात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा. उणीव आहे ती एकाच मुलाचे आकडे वर्षानुवर्षे एकाखाली एक मांडण्याची. एकदाच घेतलेली उंची फार थोडे सांगते, वाढीचा वेग खरी गोष्ट सांगतो. चार वर्षांनंतर, वयात येईपर्यंत, मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटिमीटर वाढते.

तुमच्या मुलाला दीर्घकालीन दाहाचा आजार असेल, तर दर सहा महिन्यांनी उंची मोजून फाइलवर लिहून घ्या. वर्षाला 4 सेंटिमीटरहून कमी वाढ दिसली, तर ‘वयात आला की उंच होईल’ म्हणून थांबू नका. त्याच महिन्यात डॉक्टरांना दाखवा.