आपल्या दिंडीची चूल

स्मरणिकेच्या मंडळींनी आम्हांस सांगितलं होतं की दिंडीच्या कीर्तनपरंपरेवर लिहा. आम्ही चौथी शिकलेले, शेती करणारे, कीर्तन करतो ते गुरूंच्या कृपेनं. पण परंपरेवर लिहिणारे दुसरे पुष्कळ आहेत. दिंडीची जुनी वही आम्ही माळ्यावरून काढली, धूळ झटकली आणि चाळली. तिच्यात विणेकरी कोण, चोपदार कोण, बैल कोणाचे, जवारी किती पायली, गूळ किती शेर, सारं आहे. ती जवारी दळली कोणी, भाकरी थापल्या कोणी, याची एक ओळ नाही. म्हणून आम्ही ठरवलं की चुलीचा इतिहास लिहायचा. कोणाला तो हलका वाटला तर त्यांनी पान उलटावं.

आमच्या आजोबांच्या वेळेस हुडकेश्वर हे उमरेड रस्त्यावरचं लहान खेडं होतं. आज ते नागपुरातच गेलं, जवारीच्या वावरात लेआऊट पडले. तेव्हा दिंडी म्हणजे पंचवीस-तीस माणसं आणि दोन बंड्या. एका बंडीत देव, वीणा, मृदंग आणि अंथरुणं. दुसऱ्या बंडीत सारा संसार: जवारीची पोती, तुरीची डाळ, जवसाच्या तेलाचा डबा, पितळेचे गंज, लोखंडी तवे, पाटा-वरवंटा आणि जातं. होय, जातं. पंढरपूर इथून महिनाभराची वाट, महिनाभराचं पीठ नेलं तर पावसात त्याला जाळं धरते. म्हणून धान्य न्यायचं आणि रोज दळायचं. बाया रात्री तीनला उठत. पुरुष काकड आरतीला उठेपर्यंत त्यांचं दळण अर्धं झालेलं असे. गंगाखेडला मुक्काम पडला की जनाबाईच्या जात्याची गोष्ट हमखास कीर्तनात येई. ती सांगणारा बुवा दिवसभर चाललेला असे, हे खरं. पण ऐकायला हव्या होत्या त्या बाया तेव्हा मागच्या बाजूला भाकरी थापत असत.

आणखी एक गोष्ट लिहितो, कारण ती दुसरं कोणी लिहिणार नाही. सुरुवातीला आपल्या दिंडीत चूल एक नव्हती. चालायचं संगे, भजन संगे, पण मुक्कामाला ज्याची त्याची चूल जातीप्रमाणं वेगळी. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं आणि विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना उघडं झालं. देवाचा दरवाजा उघडला, आपली चूल एक व्हायला त्यानंतरही बरीच वर्षं लागली. वडील सांगत की भांडण भक्तीवरून झालंच नाही, पाण्याच्या गुंडावरून झालं. शेवटी एका वर्षी पाऊस असा लागला की चार चुलींपुरतं कोरडं जळण राहिलं नाही. एकच चूल पेटली आणि सारे तिच्यावरचं जेवले. त्यानंतर वेगळी चूल मांडायची कोणाला लाज वाटली. आम्हांस वाटते, पांडुरंगानं कीर्तनानं जे जमलं नाही ते पावसानं करून घेतलं.

जळणाचं दुःख ज्यानं भोगलं त्यालाच कळते. आषाढी म्हणजे ऐन पावसाचे दिवस. बंडीत घरून तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या भरून नेत, पण त्या आठ दिवसांत संपत. पुढं ज्या गावी मुक्काम तिथं मागायचं. ओल्या लाकडाचा धूर असा होई की बायांचे डोळे आरतीपर्यंत लाल. आपल्या वाटेवर वर्धा लागते. तिथं मगनवाडीत 1934 साली गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला होता, तेलघाणी आणि हातसडीच्या तांदळाचं काम तिथं चाले. बिनधुराची मगन चूल तिथलीच. आमच्या आईनं ती पाहिली आणि घरी तशी चूल मातीची बांधून घेतली. पण ती चूल जमिनीत बांधायची, दिंडीला उचलून नेता येत नाही. वाटेवर आपले तीन दगड ते तीन दगडच.

आता जिन्नस काय असत ते सांगतो, कारण आजच्या पोरांना वाटते की पूर्वीपासून पोहे आणि साबुदाणाच होता. रोजचं जेवण जवारीची भाकर, चून म्हणजे तुम्ही पिठलं म्हणता ते, किंवा वरण, आणि मिरचीचा ठेचा. फोडणी जवसाच्या तेलाची. पहिल्या दिवशी घरून रोडगे असत. हायब्रीड जवारी 1964 नंतर आली, पीक दुप्पट झालं, पण भाकर गावरानीसारखी गोड नाही, हे बायांनी पहिल्याच वर्षी सांगितलं. 1972 च्या दुष्काळात आम्ही बारा वर्षांच्या आत-बाहेर होतो. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो मिळे. त्याची भाकर थापताना तुटे आणि वाळली की ढाल. त्या वर्षी दिंडी निघावी की नाही यावर देवळात बैठक झाली. निघाली. मिलोच्या भाकरी ताकात कुस्करून खाल्ल्या. कोणी उपाशी राहिलं नाही, हे वहीत लिहिलेलं आहे.

लाखोळीची डाळ मात्र दिंडीच्या चुलीवर कधी चढली नाही. आपल्याकडं, आणि पुढं भंडाऱ्याकडं तर जास्तच, धानाच्या बांधीत लाखोळी पेरतात. स्वस्त, आणि तुरीच्या डाळीत मिसळली तर ओळखू येत नाही. आजोबांचा नियम होता की चालणाऱ्यानं लाख खाऊ नये, पाय जातात. 1961 साली तिच्या विक्रीवर सरकारी बंदी आली. खरं म्हणजे कधीमधी वाटीभर खाल्ल्यानं पाय जात नाहीत. दुष्काळात महिनोन्‌महिने तीच खाल्ली तर जातात. आता कमी विषाच्या रतन, प्रतीक अशा जाती आल्या आहेत, आणि लाखोळीची कोवळी भाजी तर आमच्या घरी आजही होते. तरी दिंडीचा नियम आम्ही मोडला नाही. ज्याचं सारं पायावर आहे त्यानं एवढी भीती बाळगली तर काही बिघडत नाही.

डाळीचं दुसरं दुखणं पाण्याचं. दर मुक्कामाला विहीर नवी. वर्धा, यवतमाळपर्यंत तुरीची डाळ तासाभरात शिजे, आणि मराठवाड्यात खारं पाणी लागलं की दोन तास उकळूनही दाणा दाणा वेगळा. नवशिके मीठ आधीच टाकत, मग तर ती रात्रभर शिजत नसे. म्हाताऱ्या बायांनी यावर उपाय शोधले. डाळ सकाळी निघतानाच धुऊन डब्यात भिजत घालायची, ती बंडीत डुलत डुलत येते. हळद आणि पळीभर तेल आधी, मीठ शेवटी. आणि पाणी फारच खारं असेल तर तूर सोडून मुगाची डाळ चढवायची. आजही सयपाकाच्या टेंपोत मुगाचं एक पोतं वेगळं असते ते यासाठीच.

पितळेच्या भांड्यांना निघण्याआधी कल्हई करून घेत. एका वर्षी एका गंजाची कल्हई वाटेत उडाली आणि त्यात चिंचेची आमटी राहिली. ती कळकली, हिरवट झाली. दिसलं म्हणून सारी ओतून दिली, नाहीतर अनर्थ होता. पुढं ॲल्युमिनियमचे गंज आले, मग स्टील. कल्हईवाला गावातून गेला, पण आंबट जिन्नस भांड्यात मुक्कामी ठेवायचा नाही हा नियम राहिला.

वाटेतल्या गावांत पिठाच्या चक्क्या झाल्या, तेव्हा जातं घरी राहिलं. आज ते देवळाच्या मागं तुळशीजवळ आहे. बायांना तीनऐवजी साडेचारला उठायला मिळू लागलं. हा बदल आम्हांस त्या वेळी कळलासुद्धा नाही. मग घरूनच पीठ पोत्यांत नेऊ लागलो, आणि भाकर चिरू लागली. जवारीचं पीठ आठ-दहा दिवसांवर जुनं झालं की त्याचा चिकटपणा जातो. तेव्हा ते उकळत्या पाण्यात मळायचं, थोडं मळायचं आणि लगेच थापायचं. तरी चिरत असेल तर हट्ट सोडून पोळ्या कराव्या.

आता गॅसचं. इंडेनचं पहिलं सिलेंडर कलकत्त्यात 1965 साली निघालं. आपल्या खेड्यांत तो यायला पुढची पंचवीस-तीस वर्षं गेली. दिंडीत गॅसची भट्टी घ्यावी असं काही तरुण म्हणाले, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं विरोध आम्ही केला. आम्ही तेव्हा नवे कीर्तनकार, टाळ्या मिळत होत्या. आम्ही म्हणालो, नैवेद्य चुलीवरचाच पाहिजे, चुलीची चव गॅसला नाही, आणि टाकी फुटली तर? बैठकीत कोणी बोलेना. आमची आत्याबाई दारात बसून कोथिंबीर, म्हणजे आपला सांबार, निवडत होती. तिनं वर न पाहता विचारलं, "बाबू, दहा वर्सं झाले तू कीर्तन करून राह्यला. मी एकतरी पुरं ऐकलं का? मले पहिलं नमन ऐकू येते अन् शेवटची आरती. मधातलं सारं या चुनानं खाल्लं."

आम्ही गप्प झालो. घरी गेलो आणि जेवलो नाही. आत्याबाई तोवर वीस वारीच्या वर सयपाकाला होती. आम्ही जनाबाईवर किती बोललो होतो आणि तीस हातांवर बसलेली ही बाई आमच्या हिशेबातच नव्हती. पुढच्या वारीला भट्टी घेतली. ते चवीचं म्हणणं खोटं निघालं असं नाही. चुलीवरच्या पिठल्याची चव गॅसला नाहीच. पण ओलं लाकूड फुंकण्यात जाणारे दोन तास वाचले, आणि त्या वर्षी बाया पदर सावरत कीर्तनाला येऊन बसल्या. आत्याबाईनं पुढं दहा-बारा वारी पुरी कीर्तनं ऐकली. आमच्या दोन चुकाही तिनं दाखवल्या.

भीती होती ती मात्र खरी ठेवली. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून भट्टी खड्ड्यात किंवा राहुटी चारी बाजूंनी बांधून लावायची नाही, टाकी उभी ठेवायची, नळी दरसाल पाहायची आणि वास आला तर आधी इस्तो विझवायचा, मग बोलायचं.

आता उपासाचं. आमच्या कीर्तनात आम्ही गमतीनं सांगतो की माउलींनी 1296 साली समाधी घेतली, तोवर या देशात मिरची नव्हती, आलू नव्हता, शेंगदाणा नव्हता. हे सारं पोर्तुगीज आल्यावर समुद्रापलीकडून आलं. साबुदाण्याचं कंदही तिकडचंच, त्याचे कारखाने तामिळनाडूत सेलमकडं 1940 नंतर उभे राहिले. म्हणजे ज्याला आपण सनातन फराळ म्हणतो त्यातलं ताटात जुनं काय? भगर तेवढी आपली.

आणि त्याच भगरीनं आपल्याला धडा दिला. योगिनी एकादशी वाटेतच पडते. एका वर्षी घाईत वाटेतल्या एका दुकानातून भगरीचं तयार पीठ घेतलं. पावसाळा, पोतं दमट. वास थोडा कुबट होता, एका बाईनं म्हटलंही, पण माणसं भुकेली होती आणि वेळ झाली होती म्हणून आम्हीच म्हणालो, टाका. रात्री चाळीसेक माणसांना चक्कर, उलट्या, हातपाय थरथरणं. टेंपोनं दवाखान्यात नेलं. विठ्ठलानं राखलं, सारे दोन दिवसांत उठले. दुकानदाराला दोष द्यायला आम्हांस तोंड नव्हतं. वास आला होता. 2024 च्या फेब्रुवारीत एकादशीला लोणार तालुक्यात सोमठाण्याला सप्ताहाच्या फराळातून शेकडो माणसं आजारी पडली, त्या बातमीत भगर वाचली तेव्हा ती रात्र पुन्हा डोळ्यापुढं आली. भगरीला लागलेल्या बुरशीचं विष शिजवून जात नाही. म्हणून आता दिंडीत पीठ आणायचंच नाही. अख्खी भगर, बंद पाकिटातली, तारीख पाहून इतवारीतून घ्यायची. ती घरी निवडायची, उन्हात द्यायची, करताना तीन पाण्यानं धुवायची, भाजायची, गरम वाढायची. उरलेली संध्याकाळी कोणाला द्यायची नाही, गाईलाही नाही.

यंदा शताब्दी म्हणून काहींनी सुचवलं की महिनाभराचा सयपाक केटररला देऊन टाकू. पैसा जमलेला आहे. बायांना विचारलं तर निम्म्या हो म्हणाल्या, निम्म्या नाही. आमचं म्हणणं बैठकीत मांडलं ते इथंही लिहितो: आचारी ठेवा, पण डाळ, पीठ आणि भगर आपल्या हातानं पारखून द्या, आणि कीर्तनाच्या वेळी वाढपाची तयारी पुरुषांनी करावी. टाळकऱ्यांतले सहा जण तयार झाले आहेत. भाकरी त्यांना येत नाहीत, भात आणि वरण येते. वहीत यंदापासून सयपाकाला असणाऱ्या प्रत्येकाचं नाव वेगळ्या पानावर लिहायचं ठरलं आहे.

आत्याबाई आता चालत नाही. नजर गेली, ऐकूही कमी येते. पण सूप मांडीवर दिलं की बोटानं खडा ओळखते. या वारीची सगळी भगर तिनंच निवडून दिली, दोन दिवस बसून, आणि पाकिटं पुन्हा बांधताना आम्हांस म्हणाली, "वास घेऊन पाह्य रे बाबू. तुह्यं नाक चांगलं हाय, फक्त तू ऐकत नाहीस."